गांवाची नोंदवही आणि नोंदीची कसोटी

“गांव करी तें राव न करी” ही म्हण महाराष्ट्रांतील प्रत्येक घरांत ठाऊक आहे. अनेकांच्या हातांनीं जें काम उभें राहतें, तें एकट्या धनवंताच्या किंवा सत्ताधीशाच्या आवांक्यांतलें नसतें, असा तिचा आशय. परंतु याच मराठी भाषेनें दुसरीहि एक म्हण दिली आहे: “एक ना धड, भाराभर चिंध्या.” अनेकांनीं आणून टाकलेलें सारेंच पारखल्यावांचून सांठविलें, तर ढीग वाढतो, आणि अंगावर घालण्याजोगें वस्त्र मात्र हातीं लागत नाहीं. चारचौघांनीं मिळून केलेल्या कोणत्याहि संग्रहाचें यश या दोन म्हणींच्या मधली वाट सांपडते कीं नाहीं, यावर ठरतें.

ही वाट शोधण्याची निकड पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आज स्पष्ट दिसते. देशांतील सर्व ग्रामपंचायतींप्रमाणें येथील पंचायतींनाहि आतां एक नवी वही ठेवावी लागते. तिचें नांव ‘लोकजैवविविधता नोंदवही’. नांव जरा जड आहे. अर्थ सोपा आहे. गांवच्या शिवारांत, माळावर, ओढ्यांत, तळ्यांत आणि गोठ्यांत जें जें सजीव आहे, त्याची, आणि त्याविषयीं गांवकऱ्यांना जें ठाऊक आहे त्याची, गांवकऱ्यांनींच केलेली यादी म्हणजे ही वही. पिकांचे जुने वाण, गुरांच्या व मेंढ्यांच्या जाति, रानभाज्या, औषधी झाडें, मासे, पक्षी, श्वापदें, गवतें, या सर्वांना तिच्यांत जागा आहे.

या वहीमागें तीन दशकांचा इतिहास आहे. १९९२ मध्यें रिओ येथें जगांतील राष्ट्रांनीं जैवविविधतेविषयीं करार केला. आपापल्या देशांतील सजीव संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क आहे, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. पण हक्क सांगावयाचा, तर आपल्याजवळ काय आहे हें आधीं माहीत असावें लागतें. पुण्यांत जन्मलेले पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याच दशकांत, हें ज्ञान केवळ विद्यापीठांत नसून गुराखी, कोळी, वैदू आणि शेतकरी यांच्यापाशीं आहे, तेव्हां यादी त्यांच्याबरोबर बसूनच केली पाहिजे, असा विचार मांडला आणि निरनिराळ्या प्रांतांतील गांवांत तसे प्रयोगहि केले. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानें या विचाराला आधार दिला. २००४ च्या नियमांनीं प्रत्येक स्थानिक संस्थेंत एक समिति नेमण्यास सांगितलें: एक अध्यक्ष आणि अधिकांत अधिक सहा सभासद, त्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया. गांवकऱ्यांच्या सल्ल्यानें नोंदवही तयार करणें, ती राखणें आणि तिची पडताळणी करणें हें समितीचें मुख्य काम ठरविलें गेलें. महाराष्ट्रांत या कामाची देखरेख करणारें राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्यें नागपूर येथें स्थापन झालें. २०२३ मध्यें कायद्यांत दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्यें नवे नियम आले. तरी नोंदवही गांवानें करावयाची, हा गाभा कायम राहिला.

नियम उत्तम, पण बरींच वर्षें वह्या कागदावरच राहिल्या. २०१६ मध्यें साऱ्या देशांत मिळून तयार झालेल्या नोंदवह्यांची संख्या दीड हजारांच्याहि आंत होती. तेव्हां प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेलें. न्यायाधिकरणानें ऑगस्ट १९१९ नव्हे, तर ऑगस्ट २०१९ मध्यें, म्हणजे कायदा होऊन सतरा वर्षांनीं, अखेरची मुदत घालून दिली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरें करावें, न झाल्यास प्रत्येक राज्यानें दरमहा १० लाख रुपये भरावे. परिणाम विलक्षण झाला. पाहतां पाहतां वह्यांची संख्या अडीच लाखांच्या पलीकडे गेली. शतकानुशतकें सांठलेलें ज्ञान कांहीं महिन्यांत लिहून झालें, हें ऐकून कोणालाहि आनंद व्हावा. पण ज्यांनीं या कामाचा अभ्यास केला होता, त्यांना आनंदाबरोबर शंकाहि आली. वही भरली हें खरें. तिच्यांतील नोंदी भरंवशाच्या आहेत काय?

या प्रश्नाचें महत्त्व कळण्यासाठीं त्या दोन तालुक्यांची भूमि डोळ्यांपुढें आणली पाहिजे. दक्षिणेस नीरा आणि उत्तरेस भीमा, अशा दोन नद्यांच्या मधला हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. पाऊस वर्षाकांठीं ५०० मिलिमीटरांच्या आसपास. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि त्याच्या कांठीं ऊंस आला. पुढें साखर कारखाने आले. १९८० मध्यें भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें आणि त्याचें पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर पसरलें. जुनें पळसदेव त्यांत बुडालें. पाणी ओसरतें तेव्हां तेथलें प्राचीन देवालय पुन्हां दिसूं लागतें. भिगवण, कुंभारगांव या भागांत थंडीच्या दिवसांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांना पाहण्यासाठीं पुण्यामुंबईची कुटुंबें पहांटेच निघून येतात.

पण कालवा आणि धरण यांच्या मधोमध एक तिसरा प्रदेश आहे, आणि तो बाहेरच्या माणसाच्या नजरेंत भरत नाहीं. तो म्हणजे उघडा माळ. कुसळी आणि मारवेल यांसारखीं गवतें, मधूनमधून हिवर, बोर, तरवड, आणि वर मोकळें आकाश. बारामती तालुक्यांतील सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्यें याच माळावर झालें; त्याचें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर आहे. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीचा माळहि चिंकाऱ्यासाठीं प्रसिद्ध आहे. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल हे या माळाचे रहिवासी. आणि पिढ्यान्पिढ्या मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर हे त्याचे जाणकार.

असें असूनहि सरकारी वर्गीकरणांत उघड्या माळांची गणना पुष्कळदां ‘पडीक’ जमिनींत होत आली आहे. पडीक म्हटली कीं ती कशासाठींहि घ्यावी: कोणी तेथें खाण काढावी, कोणी कारखाना घालावा, कोणी सद्भावनेनें दाट झाडें लावावीं. झाडें लावणें हें पुण्यकृत्य खरें; पण उघड्यावर अंडीं घालणाऱ्या पक्ष्याला आणि दूरवर नजर टाकून शत्रु हेरणाऱ्या चिंकाऱ्याला दाट झाडी म्हणजे घरांतून हकालपट्टीच. अशा वेळीं गांवची नोंदवही हाच एक कागद असा असूं शकतो, कीं जो म्हणेल: ही जमीन पडीक नाहीं, येथें अमुक गवतें आहेत, अमुक प्राणी अमुक ऋतूंत दिसतात, अमुक कुटुंबांच्या मेंढ्या येथें चरतात. पण तो कागद शेजारच्या गांवावरून उतरून घेतलेला असेल, त्यांत सह्याद्रीच्या घाटांतलीं झाडें या कोरड्या माळावर दाखविलेलीं असतील, तर प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच तारखेला तो बाजूस सारील. एका खोट्या नोंदीबरोबर शंभर खऱ्या नोंदींची पत जाते. म्हणूनच नोंदीची कसोटी हा केवळ विद्वानांच्या हौसेचा विषय नाहीं. त्यावर माळाचें भवितव्य अवलंबून आहे.

ही कसोटी कोणती असावी? पहिली कसोटी नांवाची. लोकभाषेंतील नांवें गोड असतात, अर्थपूर्ण असतात, पण एकच नांव अनेकांना आणि एकाला अनेक नांवें, असा प्रकार फार. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी बॅकोपा मोन्निएरी ही पाणथळ जागची रसाळ पानांची वेल दाखवितो, तर कोणी सेंटेला एशियाटिका ही गोल पानांची, जिला दुसरीकडे मंडूकपर्णी म्हणतात. ‘शंखपुष्पी’ या नांवाखालीं तर भारतांत तीनचार निरनिराळ्या वनस्पति विकल्या जातात. त्यांत आपल्या कुंपणावरची गोकर्णहि येते. काटेरी गोखरू लहान आणि मोठें, अशा दोन वेगळ्या कुळांतील वनस्पति आहेत. बाभूळ म्हटली तर ती आपली जुनी देशी बाभूळ, कीं परदेशांतून येऊन माळ गिळीत चाललेली वेडी बाभूळ? एक शेतकऱ्याची मैत्रीण, दुसरी गवताची वैरीण. प्राण्यांतहि तेंच. गांवकरी ‘हरीण’ म्हणतो तेव्हां या भागांत बहुधा चिंकारा अभिप्रेत असतो. ‘कोल्हा’ म्हणतो तेव्हां कधीं कोल्हा, कधीं त्याहून लहान आणि शेपटीच्या टोकाला काळें असलेलें खोकड.

म्हणून चांगल्या नोंदींत दोन नांवें लागतात. सांगणाऱ्याच्या तोंडीं जें नांव आलें, तें जसेंच्या तसें, पुस्तकी न करतां. आणि तज्ज्ञानें पडताळल्यावर शास्त्रीय नांव. या दोहोंच्या मध्यें पुरावा लागतो. वनस्पतीची फुलासहित अथवा फळासहित फांदी वर्तमानपत्राच्या घडींत दाबून वाळविली, तिच्यावर जागा व तारीख लिहिली, तर ती अनेक वर्षें साक्ष देते. पुण्यांत भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचें पश्चिम विभागाचें केंद्र १९५५ पासून आहे. तेथें अशाच वाळविलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्यांशीं ताडून नांव निश्चित करतां येतें. जेथें ओळख पटली नसेल, तेथें शास्त्रीय नांवाचा रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पाहून पुढचा जाणकार तो भरील. चुकीनें भरलेल्या रकान्याकडे मात्र कोणी पुन्हां पाहत नाहीं, आणि चूक एका वहींतून दुसरींत उतरत जाते.

दुसरी कसोटी स्थळाची आणि काळाची. ‘भिगवणला रोहित येतात’ हें वाक्य वर्तमानपत्राला पुरेल. नोंदवहीला पुरणार नाहीं. कोणत्या गांवाच्या हद्दींत, पाण्याच्या कोणत्या बाजूस, कोणत्या तारखेस, किती वेळ पाहून, अंदाजें किती पक्षी दिसले, हें लिहिलें तरच त्या वाक्याची नोंद होते. आशिया खंडांत १९८७ पासून दरवर्षीं जानेवारी महिन्यांत पाणपक्ष्यांची गणना होते. तिचें मोल एका वर्षाच्या आंकड्यांत नाहीं. तीच जागा, तोच महिना आणि तीच पद्धति पुन्हां पुन्हां वापरली जाते, यांत आहे. त्यामुळेंच पुढच्या माणसाला वाढ झाली कीं घट झाली, हें सांगतां येतें. गणतीस गेलेल्याला एकहि पक्षी दिसला नाहीं, तर तीहि नोंद करावी. ‘पाहिलें, पण आढळलें नाहीं’ आणि ‘पाहिलेंच नाहीं’ या दोन गोष्टींतील भेद जी वही राखीत नाहीं, तिच्यावरून पुढें कोणताहि निष्कर्ष काढतां येत नाहीं.

तिसरी कसोटी साक्षीची. पाहिलेलें, ऐकलेलें आणि आठवणींतलें, या तिन्ही गोष्टी नोंदवहींत याव्या. पण एकमेकींत मिसळूं नयेत. एखाद्या वृद्ध धनगरानें सांगितलें कीं, १९७२ च्या दुष्काळापूर्वीं या माळावर माळढोक पाहिला होता, तर ती आठवण अमोल आहे. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें त्याच पक्ष्यासाठीं १९७९ मध्यें अभयारण्य झालें, आणि आज तो महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या आठवणीचें मोल आणखीच कळतें. पण ती ‘पूर्वीची स्थिति’ या रकान्यांत गेली पाहिजे. ती ‘सध्यांची स्थिति’ या रकान्यांत गेली, तर तीच आठवण असत्य होते. उजनीच्या कोळ्यांचेंहि तसेंच. धरणापूर्वीं वाहत्या भीमेंत कोणते मासे जाळ्यांत येत, धरणानंतर कोणते कमी झाले, आणि परदेशी चिलापीनें जाळीं भरूं लागल्यापासून काय बदललें, हें त्यांच्याइतकें कोणीच सांगूं शकत नाहीं. त्यांच्या शब्दांपुढें ‘केव्हां’ एवढें लिहिलें, कीं तोच नदीचा इतिहास होतो.

साक्ष कशी तपासावी, याचें एक बोलकें उदाहरण पुणें जिल्ह्याच्या माळांवरच घडलें. लांडग्यांच्या कळपांत कांहीं जनावरें निराळ्या रंगाचीं, कुत्र्यासारखीं दिसतात, असें माळ धुंडाळणाऱ्या लोकांच्या ध्यानांत आलें. नजर तीक्ष्ण होती. पण नजरेवर विसंबून ‘संकर झाला’ असें लिहून टाकलें नाहीं. शास्त्रज्ञांनीं अशा जनावरांचे नमुने घेऊन त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली, आणि २०२३ च्या सुमारास लांडगा व कुत्रा यांचा संकर भारतांत प्रथमच अशा पद्धतीनें सिद्ध झाला. येथें लोकांनीं पाहिलें नसतें, तर शास्त्रज्ञांना काय तपासावें हें कळलें नसतें. आणि शास्त्रज्ञांनीं तपासलें नसतें, तर लोकांचें पाहणें हा तर्कच राहिला असता. लोकांच्या यादीची खरी रीत हीच.

चौथी कसोटी संमतीची. नोंदवहींत केवळ झाडाझुडपांची गणती नसते. त्यांचा उपयोगहि लिहावयाचा असतो, आणि उपयोग हें कोणाचें तरी ज्ञान असतें. तें लिहून ठेवणें किती हिताचें, हें हळदीच्या प्रकरणानें जगाला दाखविलें. जखम भरून येण्यासाठीं हळदीचा उपयोग हा आपला शोध आहे, असा दावा करून अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या संशोधकांच्या नांवें १९९५ मध्यें पेटंट दिलें गेलें. आपल्या घराघरांतील आजीबाईंना जें ठाऊक होतें, तें न्यायासनापुढें सिद्ध करावयाचें तर ‘आम्हांला ठाऊकच होतें’ हें म्हणणें पुरत नव्हतें. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें ३२ लेखी आधार काढून दाखविले, तेव्हां १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. लेखी आणि कालनिश्चिति असलेली नोंद किती उपयोगी पडते, याचा हा दाखला.

पण याच नाण्याला दुसरी बाजू आहे. सर्वच ज्ञान सर्वांपुढें मांडावयाचें नसतें. एखाद्या वैदूनें आपल्या वडिलांकडून आलेलें मुळीचें ज्ञान सांगितलें, तर तें कोणाच्या नांवानें लिहावें, किती लिहावें आणि कोणास वाचूं द्यावें, हें विचारूनच लिहिलें पाहिजे. कायद्यानें व्यापारी उपयोगांतून होणाऱ्या लाभाचा वांटा ज्ञान राखणाऱ्यांना देण्याची तरतूद केली आहे. पण ज्ञान कोणाचें हेंच लिहिलेलें नसेल, तर वांटा कोणाला द्यावयाचा? तसेंच लांडगिणीची गुहा, चिंकाऱ्याची पाणी पिण्याची जागा, दुर्मिळ कंदाचें ठिकाण, हीं अचूक लिहून उघड करणें म्हणजे शिकाऱ्याच्या आणि हौशी गर्दीच्या हातीं किल्ली देणें. अशा नोंदी समितीपाशीं बंद राहाव्या. उघड वहींत केवळ गांवाचें नांव असावें.

या चार कसोट्या लावल्या म्हणजे नोंद कशी बदलते, हें एका कल्पित नमुन्यावरून सहज कळेल. घाईची नोंद अशी असते: ‘तरवड. सर्वत्र. औषधी.’ तीन शब्द. तिन्ही खोटे नाहींत, आणि तिन्ही निरुपयोगी. कसोटीस उतरलेली नोंद अशी असेल: ‘तरवड. गांवच्या गायरानांत ओढ्याच्या उत्तरेकडील उतारावर. सखल काळ्या जमिनींत आढळली नाहीं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत फुलावर होती. सालीचा उपयोग पूर्वीं कातडें कमावण्याकडे होत असे. आज गांवांत कोणी करीत नाहीं. सांगणारे दोघे: चर्मकाम करणाऱ्या घरांतील एक वृद्ध आणि शेळ्या राखणारी एक बाई; दोघांच्या संमतीनें लिहिलें. फुलासहित फांदी वाळवून शाळेंत ठेवली आहे. शास्त्रीय नांव महाविद्यालयांतील अध्यापकांनीं पडताळलें.’ या नोंदीला पंडिताची भाषा लागली नाहीं. एक सकाळ, दोन माणसें आणि थोडा प्रामाणिकपणा लागला.

येथें एक आक्षेप येणें साहजिक आहे. कसोट्या इतक्या कडक केल्या, तर साधीं माणसें वहीजवळ येतील काय? अक्षरओळख नसलेला मेंढपाळ शास्त्रीय नांव कोठून आणील? आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर असें, कीं कसोटी नोंदीला लावावयाची, माणसाला नव्हे. नोंद देणाऱ्याकडून केवळ तीन गोष्टी मागाव्या: काय, कोठें, केव्हां. बाकीचें भरण्याची जबाबदारी समितीनें, शाळेच्या शिक्षकांनीं आणि तज्ज्ञांनीं घ्यावी. आलेली नोंद कच्च्या वहींत ताबडतोब उतरावी. पक्क्या वहींत ती पडताळणीनंतरच जावी. अशा रीतीनें दार सर्वांना उघडें राहतें आणि घर मात्र नीटनेटकें राहतें. जी नोंद मान्य होत नाहीं, ती फाडून टाकूं नये; काय कमी आहे तें लिहून देणाऱ्याकडे परत पाठवावी. पुष्कळदां तोच मनुष्य पुढच्या पावसाळ्यांत फूल घेऊन येतो. चूक सांपडली तर जुन्या ओळीवर एक रेघ ओढून, तारीख व सही करून नवी ओळ लिहावी. खोडून काळें करूं नये. काय बदललें आणि कां बदललें, हें पुढच्याला कळलें पाहिजे.

निवाडा कोणीं करावा, याचेंहि उत्तर महाराष्ट्राला नवें नाहीं. मराठेशाहींत गांवच्या तंट्याचा निकाल गोतसभेंत होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची, कुळकर्णी लेखणीची, आणि इतर आपापल्या व्यवसायाच्या हत्याराची निशाणी करीत. सही करतां न येणें हा साक्षीचा दोष मानला जात नसे. ज्या विषयांत ज्याचें जाणतेपण, त्यांत त्याची साक्ष मोठी. आजच्या ग्रामसभेंतहि तेंच सूत्र चालेल. गवताच्या नोंदी धनगरांपुढें वाचाव्या, माशांच्या नोंदी कोळ्यांपुढें, रानभाज्यांच्या नोंदी त्या खुडून आणणाऱ्या बायकांपुढें, बियाण्यांच्या नोंदी ज्यांच्या घरांत अजून जुन्या वाणाची कणगी आहे त्यांच्यापुढें. समितींत स्त्रियांसाठीं जागा राखली, ती केवळ न्यायासाठीं नव्हे. कोणत्या पाल्याची भाजी कोणत्या आठवड्यांत कोंवळी असते, हें ज्ञान स्त्रियांपाशींच असतें. आणि मोठ्यानें वाचलेल्या वहींत नक्कल टिकत नाहीं. आपल्या गांवांत नसलेलें झाड ऐकलें, कीं मागें बसलेला कोणी तरी विचारतोच: “हें आपल्या शिवारांत कोठें हो?”

अशा वहीचा लाभ केवळ न्यायालयापुरता नाहीं. कुंभारगांवच्या परिसरांत पूर्वीं जाळें टाकणारे अनेक जण आज पक्षी पाहणाऱ्यांना नावेंतून नेतात. कोणता पक्षी केव्हां आणि कोठें, हें त्यांचें ज्ञानच त्यांच्या घरखर्चाला हातभार लावतें. २०२३ मध्यें पुणें वनविभागानें बारामतीकडील शिरसुफळ, गाडीखेल आणि इंदापुरांतील कडबनवाडी येथें माळरान पाहण्याची सफर सुरू केली. ज्या जमिनीला काल कोणी विचारीत नव्हतें, ती पाहण्यासाठीं लोक आज येऊं लागले आहेत.

या येणाऱ्यांत शहरांतील सुशिक्षित कुटुंबें पुष्कळ असतात, आणि म्हणून या वहीशीं त्यांचाहि संबंध पोंचतो. त्यांच्यापाशीं उत्तम दुर्बिणी आणि छायाचित्रयंत्रें असतात. एका सकाळींत शेंकडों छायाचित्रें निघतात आणि घरीं जाऊन विसरलीं जातात. त्यांतील एका चित्राखालीं तारीख, गांवाचें नांव आणि नावाड्यानें सांगितलेलें पक्ष्याचें नांव लिहून तें त्या गांवच्या समितीकडे पाठविलें, तर सहलीची आठवण गांवाच्या वहींतील साक्ष होईल. तेथेंहि कसोटी तीच राहील. चित्र सुंदर आहे, पण जागा ठाऊक नाहीं, असें असेल, तर तें कच्च्या वहींतच थांबेल. मोठ्या यंत्रानें काढलें म्हणून त्याला पक्क्या वहींत वेगळा मान मिळणार नाहीं.

कायद्यानें वही एकदां करून ठेवण्यास सांगितलेलें नाहीं. ती राखण्यास सांगितलें आहे. मुदतीच्या धांदलींत भरलेलीं पानें म्हणजे तिचा आरंभ समजावा. दरवर्षीं एका ऋतूंत गांवानें वही उघडावी, दहापांच नोंदी वाचाव्या, माळावर जाऊन ताडून पाहाव्या आणि समासांत तारीख घालावी. दहा वर्षांत तीच वही आजच्या चिंध्यांतून शिवलेली उबदार गोधडी होईल, आणि माळावर कोणी ‘पडीक’ असा शिक्का मारावयास आला, तर त्याच्यापुढें ठेवण्याजोगा एक खरा कागद गांवापाशीं असेल.